पटावरचं विमान आणि मागवलेलं विमान

‘पॅन्झर जनरल’ (1994) हा संगणकावरचा युद्धखेळ खेळून ‘स्टील पँथर्स’कडे (1995) वळलेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: माझी विमानं कुठायत? खेळातले पॉइंट मोजून विकत घेतली, पण नकाशावर दिसतच नाहीत. दोन्ही खेळ एसएसआय कंपनीचे, दोन्ही टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करायचे), षटकोनी घरांचे, दोन्हीकडे दुसरं महायुद्ध. मग एअर सपोर्टही (जमिनीवरच्या सैन्याला विमानांची मदत) एकाच पद्धतीचा असेल असं वाटणारच. तो तसा नाही.

‘पॅन्झर जनरल’मध्ये विमान ही सोंगटी आहे. रणगाड्यासारखी उचलायची, हव्या त्या घरात न्यायची, हल्ला करायचा. आकाशाचा थर मात्र वेगळा, त्यामुळे एकाच घरात खाली पायदळ आणि वर स्टुका (जर्मन बॉम्बर) मावतात. टर्न संपला तरी स्टुका तिथंच. इंधन संपण्याआधी विमानतळाशी परतली नाही तर पडते. बॉम्बरच्या शेजारी आपलं फायटर ठेवलं, तर शत्रूचं फायटर चालून आल्यावर ते आधी मध्ये पडतं. पाऊस किंवा बर्फ सुरू झाला की विमानांचे हल्ले बंद.

दिवसभर एका जागी तरंगणारं विमान पाहून नवखे हसतात. पण इथं एक टर्न म्हणजे एक किंवा अनेक दिवस, आणि सोंगटी म्हणजे एक विमान नव्हे, अख्खी तुकडी. त्या तुकडीने त्या भागावर दिवसभरात कितीतरी फेऱ्या मारल्या, एवढाच त्या तरंगण्याचा अर्थ.

‘स्टील पँथर्स’मध्ये घर अवघं 50 यार्डांचं आणि टर्न काही मिनिटांचा. ताशी 600 किलोमीटरने जाणारं टायफून हे ब्रिटिश लढाऊ विमान सेकंदाला तीन-चार घरं ओलांडतं. शंभर घरांचा नकाशा त्याला अर्धा मिनिटही पुरत नाही. अशा विमानाची सोंगटी करून ती पटावर ठेवायची तरी कुठं? म्हणून ते पटाबाहेर असतं. दूरच्या तोफांचा मारा जिथून मागवता, त्याच पडद्यावरून विमानही मागवायचं: लक्ष्याचं घर दाखवा आणि थांबा. काही टर्न गेले की ते नकाशावर झेपावतं, बॉम्ब टाकतं, निघून जातं.

आणि खरी मेख इथंच आहे. तुम्ही दाखवता ते ठिकाण. नेमका कोणावर मारा करायचा हे वैमानिकाला जे दिसेल त्यावर ठरतं. विनंती केली तेव्हा शत्रूचे रणगाडे त्या झाडीत होते. विमान येईतो ते पुढे सरकले, आणि तुमची उत्साही पलटण त्याच झाडीत शिरली. बॉम्ब तुमच्याच डोक्यावर. खेळाडू याला खेळातला बग समजून चिडतात, पण इतिहासात याहून वाईट घडलं आहे. 25 जुलै 1944 रोजी नॉर्मंडीत ऑपरेशन कोब्रा या अमेरिकी चढाईच्या वेळी अमेरिकी बॉम्बर विमानांनी आपलेच 111 सैनिक मारले; त्यांत लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअरही होते.

त्यामुळे डावपेचही उलटे होतात. पहिल्या खेळात विमान सगळ्यांत शेवटी हलवलं तरी चालतं. फट दिसली की टाकायचं. दुसऱ्यात मागणी आधी करावी लागते, तीही शत्रू आत्ता जिथं आहे तिथली नव्हे, तर जिथं तो अडकून पडणार आहे तिथली: पूल, खिंड, सुरुंगांचा पट्टा. आपली माणसं त्या घरांपासून लांब ठेवायची. विमानविरोधी तोफांचंही तसंच. ‘पॅन्झर जनरल’मध्ये त्या दिसल्या की वळसा घालता येतो. इथं विमान निघाल्यावर तुमच्या हातात काही नसतं. तोफा दिसल्या असतील तर आधी त्यांच्यावर तोफखाना लावा, मग विमान बोलवा.

परिणामाबद्दलही अपेक्षा आवरा. ऑगस्ट 1944 मध्ये फ्रान्समधल्या मॉर्तेंपाशी टायफूनच्या वैमानिकांनी नष्ट केल्याचे सांगितलेले रणगाडे आणि नंतर जमिनीवर मोजलेले, यांत प्रचंड तफावत निघाली. रॉकेटांनी रणगाडे थोडेच फुटले. घाबरून सोडून दिलेली वाहनं मात्र सापडली. ‘स्टील पँथर्स’मधलं सप्रेशन नेमकं हेच दाखवतं: रणगाडा शाबूत, पण आतली माणसं दोन टर्न कामातून गेलेली. हिशेब मांडताना तेही धरायला हवं. उलट 1971 च्या लोंगेवालासारखं उघडं वाळवंट, दिवसाचा उजेड आणि वरून अटकाव नाही, अशा ठिकाणी भारताच्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाड्यांचं काय केलं ते आपल्याला ठाऊक आहेच.

एक गोंधळ मात्र उरतोच. याच मालिकेतल्या आधुनिक युद्धावरच्या ‘विनएसपीएमबीटी’त लढाऊ विमानं पटाबाहेरून येतात, पण हेलिकॉप्टरं पटावर असतात. ती घराघराने चालवायची, टेकडीआड दडवायची, वर काढून क्षेपणास्त्र सोडायचं. म्हणजे एकाच डावात दोन्ही पद्धती. हेलिकॉप्टर उंच ठेवून विसरलात, तर पुढच्या टर्नपर्यंत ते बहुधा उरत नाही.