रिकाम्या फ्रीक्वेन्सीला चांदणी

मुलीकडे अमेरिकेत दोन महिने राहून आलो. तिथे गाडीत बसलं की माझा हात आपोआप रेडिओच्या बटणाकडे जायचा, लहानपणापासूनची खोड आहे ती. दोन-तीन दिवसांतच एक गोष्ट लक्षात आली. ९२ च्या वर गेलं की गाणी आणि मध्ये मध्ये गाड्यांच्या, विम्याच्या, पिझ्झाच्या जाहिराती, म्हणजे आपल्यासारखंच. पण ९२ च्या खाली ८८ पर्यंत "घ्या घ्या" करणारी एक जाहिरात नाही. कुठे जॅझ चालू, कुठे कॉलेजची पोरं गावातल्या बातम्या वाचतायत, कुठे चर्चचं प्रवचन, कुठे तासभराची निवांत मुलाखत. गाव बदललं, राज्य बदललं तरी हेच. जावयाला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा, मी सगळं फोनवरच ऐकतो, मला नाही माहीत." मग मीच शोधत बसलो, आणि जे सापडलं ते इतकं आवडलं की लिहिल्याशिवाय राहवेना.

८८ ते ९२ मेगाहर्ट्झ ही पट्टी अमेरिकेत १९४५ पासून बिनव्यापारी शैक्षणिक रेडिओसाठी राखीव आहे. धंदा करणाऱ्याला तिथे स्टेशन काढताच येत नाही. आपल्याकडे गावात गायरान असतं ना, कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नसलेलं, तसंच हे हवेतलं गायरान. आणि गायरानाचं जे दुखणं असतं तेच याचंही, म्हणजे जमीन रिकामी दिसली की "उगाच पडून आहे" म्हणणारे लगेच येतात.

पण रेडिओत "रिकामी" म्हणजे नक्की काय, ते आधी बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

एफएमचा पट्टा ८८ ते १०८, म्हणजे २० मेगाहर्ट्झचा. अमेरिकेत प्रत्येक स्टेशनला ०.२ मेगाहर्ट्झची रुंदी दिलीय, म्हणून जागा होतात बरोबर १००. त्यांना नंबरही आहेत, २०१ नंबरचा चॅनल म्हणजे ८८.१, मग ८८.३, ८८.५ असं करत ३०० नंबरला १०७.९. म्हणून तिथल्या स्टेशनांचा शेवटचा आकडा कायम विषम असतो. यातले पहिले २० राखीव. आता १०० जागा म्हणजे भरपूर वाटतात, पण एका गावात शंभरच्या शंभर वापरता येत नाहीत, त्याच्या जवळपासही जाता येत नाही.

कारण असं की या लहरींची लांबी साधारण ३ मीटर असते आणि त्या बऱ्यापैकी सरळ रेषेत जातात, डोंगर आला की अडखळतात, म्हणून तीच फ्रीक्वेन्सी लांबच्या गावात दुसऱ्याला देता येते. पण सिग्नल ऐकू यायचा थांबला म्हणजे तो संपला असं नाही. पुढे कितीतरी किलोमीटर तो ऐकण्याइतका जोरदार नसतो पण दुसऱ्याचं बिघडवण्याइतका मात्र असतो. आणि एफएमचा स्वभाव असा की एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर रिसीव्हर जोरदार असेल त्याला धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ गिळून टाकतो. हायवेवर दोन स्टेशनांच्या मधल्या भागात एक वळण घेतलं की भजन आणि पुढच्या वळणावर फुटबॉलची कॉमेंट्री असं होतं ते यामुळेच.

म्हणून अंतराचे नियम आलेत. ९२ च्या वरच्या भागात ६ किलोवॅटपर्यंतची जी छोटी स्टेशनं असतात, ज्यांचा टप्पा २८ किलोमीटरच्या आसपास धरतात, तशी दोन एकाच चॅनलवर चालवायची तर दोघांत किमान ११५ किलोमीटर अंतर हवं. लागून शेजारच्या चॅनलवर असतील तर ७२, एक किंवा दोन घरं सोडून असतील तर ३१. मोठ्या स्टेशनांना याहून कितीतरी जास्त. म्हणजे एकानं एक जागा घेतली की आजूबाजूच्या कितीतरी जागा आपोआप बंद होतात. आणि एक नियम तर फारच मजेशीर आहे. दोन स्टेशनांमधला फरक १०.६ किंवा १०.८ मेगाहर्ट्झ असेल, समजा एक ९२.१ वर आणि दुसरं १०२.७ वर, तर त्यांच्यातही १० किलोमीटर अंतर लागतं. पट्ट्याच्या दोन टोकांना बसलेल्या या दोघांचं एकमेकांशी काय भांडण असेल? भांडण त्यांचं नाहीच, आपल्या रेडिओच्या पोटात आहे. एफएम रिसीव्हर कुठलंही स्टेशन आलं तरी ते आधी १०.७ मेगाहर्ट्झवर उतरवून घेतो आणि मग त्यातून आवाज काढतो, जवळपास सगळ्या जुन्या सेटमध्ये हाच १०.७ चा टप्पा असतो. आता दोन दणदणीत सिग्नल एकदम आत शिरले आणि त्यांच्यातला फरकच १०.७ च्या आसपास निघाला, तर तो थेट त्या टप्प्यात जाऊन बसतो आणि खरखर सुरू. घरातल्या पाचशे रुपयांच्या ट्रान्झिस्टरमधल्या एका सर्किटमुळे देशाच्या नकाशावर कुठे स्टेशन उभं राहील ते ठरतं, हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं नुसता बसून होतो.

तर डायलवर जिथे नुसती सरसर ऐकू येते त्यातल्या बऱ्याच जागा खऱ्या रिकाम्या नसतातच, त्या कुणाच्या तरी संरक्षणासाठी मोकळ्या सोडलेल्या असतात. आणि ज्या खरोखर रिकाम्या असतात त्या फार थोड्या, त्यामुळे त्या कुणाला द्यायच्या हा प्रश्न फार महागाचा होतो.

हे शहाणपण तिथे सहज आलेलं नाही, आधी चांगलाच फटका बसलाय. अमेरिकेत रेडिओ सुरू करणाऱ्यांत कॉलेजंच पुढे होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात अर्ल टेरी नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, ते आणि त्यांचे विद्यार्थी प्रयोगशाळेत काच फुंकून व्हॅक्यूम ट्यूब स्वतः बनवायचे, ती जळली की पुन्हा बनवायची, आणि त्यावर ९एक्सएम नावाचं केंद्र चालवायचे. १९२१ च्या सुरुवातीपासून तिथून शेतकऱ्यांसाठी रोज हवामानाचा अंदाज बोलून सांगितला जाऊ लागला. १९२१ ते १९३६ या काळात अशा शैक्षणिक संस्थांना २०२ लायसन्स मिळाली होती. १९३७ उजाडलं तेव्हा उरली होती ३८.

बाकीची गेली कुठे? कुणी बंदी घातली नव्हती. १९२८ मध्ये सगळ्या फ्रीक्वेन्सींची नव्यानं वाटणी झाली, त्यात चांगल्या जागा मोठ्या व्यापारी केंद्रांकडे गेल्या, कॉलेजांच्या वाट्याला आली वाटून घेतलेली वेळ, किंवा फक्त दिवसा चालवायची परवानगी, जेव्हा शेतकरी शेतात आणि कामगार कारखान्यात. वरून नवी यंत्रं घ्या, वॉशिंग्टनला सुनावणीला या, वकील लावा. त्यात मंदी आली. कॉलेजच्या बजेटमध्ये पहिली कात्री रेडिओला लागली आणि एकेकानं लायसन्स विकून टाकलं किंवा सोडून दिलं.

१९३४ मध्ये नवा दळणवळण कायदा येत होता, तेव्हा वॅग्नर आणि हॅटफिल्ड या दोन सिनेटरनी दुरुस्ती मांडली की एकूण चॅनलपैकी २५ टक्के बिननफ्याच्या संस्थांना राखून ठेवा. ती ४२ विरुद्ध २३ मतांनी पडली. त्याच कायद्यानं एफसीसी, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन जन्माला आलं, आणि त्या कमिशननं पुढच्याच वर्षी सांगितलं की वेगळी जागा ठेवायची गरज नाही, व्यापारी स्टेशनं शिक्षणाला वेळ देतील. तसा तो वेळ जाहिरातवाल्यांना नको असलेल्या तासांतच मिळणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मग १९३८ मध्ये त्याच कमिशननं ४१ मेगाहर्ट्झच्या वरची एक छोटी पट्टी शिक्षणासाठी बाजूला काढली, १९४० मध्ये एफएमला परवानगी मिळाली तेव्हा त्यातले पाच चॅनल राखले, आणि १९४५ मध्ये एफएम आजच्या जागी, ८८ ते १०८ मध्ये हलवला तेव्हा पहिले २० चॅनल दिले.

आणि पुढे काय झालं, तर बराच काळ फारसं काही नाही. पट्टी पुष्कळशी रिकामीच पडून होती. एफएमचे सेटच थोड्या घरांत होते, कॉलेजांकडे पैसा नव्हता. १९४८ मध्ये एफसीसीनं फक्त १० वॅटचं स्टेशन काढायलाही परवानगी दिली, १० वॅट म्हणजे आपल्या घरातल्या एलईडी बल्बएवढी ताकद, कॅम्पस आणि आसपासच्या गल्ल्या एवढाच टप्पा. कित्येक पोरं त्यावर शिकली. त्या काळात कुणी हिशेब मांडला असता तर पट्टी वाया गेली असंच निघालं असतं. पण १९६७ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला, सरकारी पैसा यायला लागला, १९७० मध्ये एनपीआर म्हणजे नॅशनल पब्लिक रेडिओ स्थापन झालं, तेव्हा त्यात पहिल्याच दिवसापासून ९० स्टेशनं सामील होऊ शकली, कारण जागा शाबूत होती. शाळा-कॉलेजं, ग्रामसंस्था यांचा वेग कंपनीचा नसतो हो, त्यांना देणगी गोळा करायला, ठराव मंजूर करायला, टॉवरला जागा मिळवायला वर्षं लागतात. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २५ वर्षं जागा रिकामी ठेवणं हेच त्यातलं खरं काम होतं.

टीव्हीच्या वेळी हेच पुन्हा घडलं. फ्रीडा हेनॉक या एफसीसीवरच्या पहिल्या महिला सदस्य, त्यांनी हा विषय अक्षरशः लावून धरला आणि १९५२ मध्ये टीव्हीचे २४२ चॅनल शिक्षणासाठी राखून घेतले. त्यातलं पहिलं स्टेशन ह्यूस्टनला १९५३ मध्ये सुरू झालं.

पण राखीव पट्टीला एक शेजार त्रासाचा मिळाला. ८२ ते ८८ मध्ये टीव्हीचा ६ नंबरचा चॅनल होता आणि त्याचा आवाज ८७.७५ वर, म्हणजे भिंतीला भिंत लागून. ज्या शहरात ६ नंबर चालू असायचा तिथे एफएमची सुई खाली नेली की टीव्ही ऐकू यायचा. लोकांना मजा, पण शैक्षणिक स्टेशनवाल्यांना जाच, कारण टीव्ही बिघडू न देण्याची जबाबदारी त्यांच्यावर. काही भागांत त्यामुळे राखीव पट्टीत नवं स्टेशन बसवणंच अशक्य झालं, सीमेजवळ मेक्सिको आणि कॅनडाच्या स्टेशनांमुळेही तसंच.

मग अशा गावांनी जायचं कुठे? ९२ च्या वर. आणि तिथे १९९७ नंतर लिलाव सुरू झाले. बिनव्यापारी स्टेशनांना कायद्यानं लिलावातून सूट होती, २००१ मध्ये कोर्टानंही सांगितलं की चॅनल कुठलाही असो, यांना बोली लावायला लावता येणार नाही. ऐकायला विजय वाटतो, पण २००३ मध्ये एफसीसीनं उलटा मार्ग काढला, की खुल्या चॅनलवर व्यापारी आणि बिनव्यापारी दोघांचे अर्ज आले तर बिनव्यापारी अर्ज नाकारायचा. राहिला एकच उपाय, लिलावाच्या आधीच तो रिकामा चॅनल राखीव करून घेणं.

एफसीसीकडे कुठल्या गावाला कुठला चॅनल याचा एक लांबलचक तक्ता असतो. चॅनल राखीव झाला की त्या तक्त्यात त्याच्या आकड्याला एक चांदणी लावतात. बस, एवढंच. पण ती चांदणी मिळवायला सिद्ध करावं लागतं की ९२ च्या खाली तांत्रिक कारणानं जागाच नाही, आणि शिवाय नव्या स्टेशनच्या टप्प्यात, म्हणजे जिथे सिग्नल दर मीटरला किमान १ मिलिव्होल्ट असेल त्या वर्तुळात, निदान १० टक्के लोकांना हे पहिलं किंवा दुसरंच बिनव्यापारी स्टेशन मिळणार आहे, आणि हे लोक किमान २,००० तरी आहेत. इंजिनिअर नकाशावर वर्तुळ आखतो, त्यावर जनगणनेचे आकडे टाकतो आणि माणसं मोजतो. पुढे एकाच जागेसाठी अनेक संस्था आल्या तर पैशांवर नाही, गुणांवर ठरतं. स्थानिक आणि जुनी संस्था असेल तर ३ गुण, त्या भागात दुसरं स्टेशन हातात नसेल तर २. मला हे फार आवडलं. अर्थात यातूनही मोठी धार्मिक नेटवर्क भरपूर जागा घेतात, "शैक्षणिक" या शब्दाची व्याख्या तिथे सैल आहे, आणि २००७ मध्ये अर्जांची खिडकी उघडली तेव्हा एका संस्थेला फक्त १० अर्जांची मर्यादा घालावी लागली ती काही उगाच नाही.

आपल्याकडेही याचं मूळ आहे. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढे खाजगी एफएमचे पहिले लिलाव झाले तेव्हा ४० शहरांत एकेक फ्रीक्वेन्सी शिक्षणासाठी बाजूला ठेवली होती, त्यातून इग्नूची ज्ञानवाणी आली, आणि २००६ नंतर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ मिळू लागले. साताऱ्याकडे म्हसवडला ९०.४ वर माणदेशी तरंग लागतं ते त्यातलंच.

परत त्या २,००० च्या आकड्यावर येतो, कारण तो मला खुपतो. ज्या भागात रेडिओ सगळ्यात कमी, तिथे माणसंही विरळ, त्यामुळे खरी गरज असलेलेच मोजणीत नापास होऊ शकतात. ॲरिझोनातला होपी आदिवासींचा मुलूख घ्या, उंच पठारांवर लांब लांब पसरलेली गावं, मधे नुसता उघडा माळ. त्यांना सुदैवानं ९२ च्या खालीच जागा मिळाली. २००० सालच्या डिसेंबरात त्यांचं केयूवायआय सुरू झालं, ८८.१ वर, म्हणजे राखीव पट्टीतल्या अगदी पहिल्या, २०१ नंबरच्या चॅनलवर, आणि तिथून होपी भाषा ऐकू येते. ती जागा १९४५ मध्ये राखली तेव्हा या स्टेशनचा विचार कुणाच्या डोक्यातही नसणार.