गोतावळा नसलेली प्रथिनं

अमिनो आम्लांची माळ घडी पडून कोणता आकार घेते, हे प्रथिनांच्या घडीचं कोडं अल्फाफोल्ड या डीपमाइंडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमनं सोडवलं, असं २०२० पासून आपण वाचतो आहोत. बरंचसं खरं आहे ते. पण त्यात एक मेख आहे. अमिनो आम्लांचा क्रम हाती आला की अल्फाफोल्ड-२ आधी त्या प्रथिनाचे नातेवाईक धुंडाळतो. माणसातलं, उंदरातलं, जिवाणूतलं तेच प्रथिन एकाखाली एक मांडलं, की काही जागा जोडीनं बदललेल्या दिसतात. समजा, बाराव्या जागचं आम्ल बदललं की सत्त्याऐंशीव्या जागचंही बदलतं. अशा दोन जागा घडी पडल्यावर बहुधा शेजारी-शेजारी येतात. थोडक्यात, आकाराचा अर्धा सुगावा उत्क्रांतीनंच देऊन ठेवलेला असतो.

मग ज्याला नातेवाईकच नाहीत, त्याचं काय करायचं? वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून कशीही उचलून १०० ची माळ ओवली, तर शक्य माळांची संख्या एकावर १३० शून्यं इतकी होते. निसर्गानं त्यातला नखाएवढा भागही वापरलेला नाही.

सिअ‍ॅटलचे प्रथिन-संशोधक डेव्हिड बेकर यांच्या गटानं २०२१ मध्ये अशाच यादृच्छिक माळा न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याला, दिल्या. कोणतं आम्ल कोणापासून किती अंतरावर असेल, याचा नकाशा ते नेटवर्क काढतं. सुरुवातीचे नकाशे अगदी धूसर होते. मग माळेतलं एकेक आम्ल बदलायचं, नकाशा स्पष्ट झाला तर बदल बहुधा ठेवायचा, असं हजारो वेळा केलं. शेवटी नकाशे स्वच्छ झाले आणि माळा मात्र ज्ञात प्रथिनांशी फारसं साम्य नसलेल्या निघाल्या. त्यातली १२९ प्रथिनं ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतली. २७ प्रथिनांनी घडी पडल्याची अपेक्षित लक्षणं दाखवली. तिघांची रचना प्रत्यक्ष तपासली, दोघांची क्ष-किरणांनी आणि एकाची एनएमआरनं, म्हणजे अणुकेंद्रकांचे चुंबकीय संकेत मोजणाऱ्या तंत्रानं. तिन्ही भाकिताशी छान जुळल्या.

यावरून नेटवर्कला भौतिकशास्त्र उमगलं, असं म्हणायला मी धजणार नाही. या माळा त्याच्याच पसंतीनं घडवलेल्या होत्या, म्हणजे परीक्षार्थीनं स्वतःच प्रश्नपत्रिका काढण्यासारखं झालं. निसर्गातली अनाथ, म्हणजे नातेवाईक न सापडणारी, प्रथिनं इतकी सरळ नसतात. मेटा कंपनीचं ईएसएमफोल्ड हे साधन नातेवाईकांची मांडणी न मागता एकाच क्रमावरून रचना सांगतं आणि वेगानं सांगतं, पण दुर्मीळ कुळातल्या प्रथिनांशी त्याचीही गाठ अवघडच पडते. ही साधनं प्रत्येक जागेसाठी शंभरपैकी विश्वासाचे गुण देतात. ते पन्नासच्या खाली गेले तर दोन अर्थ निघतात: तो भाग खरोखरच विस्कळीत, म्हणजे ठरावीक घडी नसलेला, आहे, किंवा साधनालाच काही कळलेलं नाही. यातलं कोणतं, हे नुसत्या गुणांवरून ठरत नाही.

तिथे प्रयोगशाळाच लागते. २००१ मध्ये कीफ आणि शोस्टाक या संशोधकांनी ८० अमिनो आम्लांच्या सुमारे सहा लाख कोटी यादृच्छिक माळा चाळल्या होत्या. एटीपीला, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूला, धरून ठेवणारी प्रथिनांची चार कुळं सापडली; अशी प्रथिनं साधारण दहा हजार कोटींत एक असावीत, असा त्यांचा अंदाज होता. त्यातल्या एका कुळाच्या सुधारित प्रथिनाची रचना २००४ मध्ये उलगडली. जस्ताच्या अणूभोवती पडलेली ती घडी तोवर कुठल्याही नैसर्गिक प्रथिनात दिसलेली नव्हती.