प्राथमिक शाळेत कला आणि विज्ञान-तंत्रज्ञान एकत्र शिकवणं

चित्रकला, संगीत, नाटक, हस्तकला हे सगळं वेगळ्या तासाला न ढकलता विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणिताच्या धड्यातच वापरायचं, अशी ही शिकवायची पद्धत. जगभर हिला स्टीम म्हणतात, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग आणि मॅथ्स यांच्या 'स्टेम'मध्ये आर्टची भर. आता बऱ्याच ठिकाणी होतं काय की थर्माकोलचे ग्रह रंगवून घेतात, भिंतीवर टांगतात आणि झालं स्टीम! ओळखायची खूण तशी सोपी आहे, कलेचा भाग काढून टाकला तर विज्ञान समजण्यात काही कमी पडतं का? पडत नसेल तर ती सजावट, मग ती कितीही सुंदर असो.

चित्र काढायची सवय असली की माणूस बघतोही वेगळं, याचं गाजलेलं उदाहरण १६०९ सालचं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट हा गणिती-खगोलशास्त्रज्ञ आणि इटलीत गॅलिलिओ, दोघांनी त्या वर्षी दुर्बिणीतून चंद्र बघून चित्रं काढली. हॅरियटचं काही महिने आधीचं, पण त्यात उजेड आणि अंधार यांच्यामधली रेघ नुसतीच वेडीवाकडी आलीय. गॅलिलिओचा चित्रकलेचा अभ्यास होता, सावली कशी पडते हे हाताला माहीत होतं, त्यामुळे त्याला त्या डागांत डोंगर आणि खड्डे दिसले आणि डोंगरांच्या उंचीचा हिशोबही त्याने मांडला, असं काही इतिहासकार म्हणतात. वर्गात पानाचं चित्र काढायला लावतात ते याचसाठी. बघून काढायचं म्हटलं की पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे बघावंच लागतं, आठवणीतून काढलं की सगळ्यांचं पान एकसारखं बदामाच्या आकाराचं येतं.

कल्पना नवीन नाहीये. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली (तीच पुढे किंडरगार्टन म्हणून गाजली), तिथे लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या आणि विणकाम यातूनच आकार आणि संख्या शिकवायचे. इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहराच्या बालशाळांमध्ये स्टुडिओ असतो आणि शिकवणाऱ्यांत एक कलेतली व्यक्तीही असते. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोगो ही प्रोग्रॅमिंग भाषा केली, त्यातलं प्रसिद्ध कासव, म्हणजे सूचनेप्रमाणे फिरत रेघ ओढणारं यंत्र किंवा पडद्यावरचं चिन्ह, नंतर आलं. कासवाला सूचना द्यायच्या आणि ते चित्र काढतं. मुलं त्रिकोण काढायला हमखास ६० अंश वळायला सांगतात, कारण त्रिकोणाचा कोन ६० चा हे पाठ असतं, आणि आकृती उघडीच राहते, मग कळतं की वळायचं १२० अंशात, बाहेरच्या कोनाने. स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा २००७ मध्ये आली आणि अगदी छोट्यांसाठी स्क्रॅचज्युनियर २०१४ मध्ये, दोन्हीत गोष्ट किंवा ॲनिमेशन करता करता कोडिंग येतं. स्टीम या नावाची चौकट जॉर्जेट याकमन यांनी २००६ च्या सुमारास मांडली, नंतर अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनने तिचा बराच प्रचार केला आणि दक्षिण कोरियाने तर २०११ पासून सरकारी धोरणातच घेतली.

प्रत्यक्ष वर्गात सगळ्यात जास्त काही देऊन जाणारा प्रकार म्हणजे कागदी सर्किट. ग्रीटिंग कार्डावर चित्र, त्याच्या मागे तांब्याची चिकटपट्टी, ३ व्होल्टचा बटण सेल आणि एक छोटा एलईडी, की चित्रातला काजवा पेटतो. एलईडीचा लांब पाय सेलच्या प्लसकडे, उलटा लावला की पेटणार नाही, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारी वस्तूही असते हे आपोआप आलं. दोन एलईडी एकामागे एक जोडले तर ३ व्होल्ट पुरत नाहीत, शेजारी शेजारी जोडले तर दोन्ही पेटतात. आणि मग कोणीतरी लाल आणि निळा शेजारी शेजारी लावतं आणि फक्त लालच पेटतो! लालला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्याला ३ च्या आसपास, आणि लाल लागला की एवढ्याशा सेलचा व्होल्टेज खाली ओढला जातो. चित्रात दोन रंग हवेतच म्हणून हा प्रश्न वर्गात उभा राहतो, पुस्तकातल्या आकृतीत तो कधी येत नाही. बटण सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, जिवावर बेतू शकतं, त्यामुळे ते मोजून द्यायचे आणि मोजूनच परत घ्यायचे.

बाकी सावल्यांचं नाटक (दिव्याजवळ बाहुली नेली की सावली मोठी), स्ट्रॉ कापून पिपाणी (आखूड केली की सूर चढतो), पत्र्यावर वाळू टाकून कंपनांच्या नक्ष्या, ज्या क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये छापल्या, हे नेहमीचे. रंगांत जरा सांभाळावं लागतं, कारण लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा होतो पण तेच पोस्टर कलर मिसळले तर चिखल, आणि दोन्ही एकाच तासाला घेतलं तर मुलं गोंधळतात. नाचातून स्थायू-द्रव-वायू शिकवतानाही तसंच, तापल्यावर मुलं हातपाय पसरतात आणि कणच फुगतात अशी समजूत घेऊन घरी जातात. फुगत नाहीत, त्यांच्यातलं अंतर वाढतं, हे नाचानंतर बोलून घ्यावंच लागतं.

फायदा किती, यावर वाद आहे. कलेने सगळ्याच विषयांचे मार्क वाढतात हा दावा २००० सालच्या विनर आणि हेटलँड या संशोधकांच्या मोठ्या आढाव्यात टिकला नाही. उलट अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या पाचवीच्या वर्गांवर मारियाले हार्डिमन आणि सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला (निष्कर्ष २०१९ चे), त्यात वाचनात मागे असलेल्या मुलांना कलेतून शिकलेलं विज्ञान जास्त लक्षात राहिलेलं दिसलं. हे पटण्यासारखं आहे, ज्याचं वाचनातच अडतं त्याला धड्यात शिरायला दुसरी वाट मिळते.

कला शिक्षकांची तक्रार वेगळीच. या जोडीत कला कायम विज्ञानाची मोलकरीण होते, ब्रश धरायला कोणी शिकवत नाही पण पोस्टर मात्र पाहिजे. तक्रार रास्त आहे, आणि म्हणूनच चित्रकलेचा स्वतंत्र तास बंद करून ही पद्धत आणणं चुकीचं. वेळही जास्त लागतो, एक सर्किट दोन तास सहज खातं. तपासणी हा आणखी एक घोळ, सुबक चित्राला मार्क जातात आणि सर्किट तुटकं असलं तरी चालून जातं. यावर काही शिक्षक धड्याआधी आणि धड्यानंतर त्याच वस्तूचं चित्र काढून घेतात आणि फक्त फरक बघतात. आधीच्या चित्रात सेलपासून दिव्यापर्यंत एकच तार असते, नंतरच्या चित्रात परत येणारी दुसरी आली की मूल शिकलं, मग रेघ वाकडी का असेना.