न खाता शुगर २३१?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचे मामा पारोळ्याकडे असतात, आठ वर्षांपासून शुगर आहे. रात्रपाळीची लाईट होती म्हणून दोन वाजता मक्याला पाणी द्यायला गेले, मोटर चालू केली आणि मक्यातून काहीतरी सरसर पळालं. बिबट्याच आला असं समजून मामा जे सुटले ते थेट ओट्यावर. हातपाय लटलट कापताय, अंगाला घाम, छाती धडधडतेय. मामींना वाटलं शुगर डाऊन झाली, त्या साखरेचा डबा घेऊनच उभ्या. मी मशीन लावलं तर २३१! झोपताना १४८ होती. मामांचं एकच पालुपद, "मी काहीच खादं नही रे भो!"

खोटं बोलत नव्हते. आणि मामींचंही चुकलं नव्हतं, कारण शुगर खाली गेली की जो थरकाप आणि धडधड होते ती पण ॲड्रेनालिनचीच असते, म्हणजे भीती वाटली की रक्तात सुटणाऱ्या संप्रेरकाची. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, मशीनशिवाय कळत नाही, आणि मशीन नसेल तर साखर देणंच बरं. (बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ही धडधड दबून जाते, घाम मात्र येतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.)

मग साखर आली कुठून? यकृतातून. गंमत बघा, १०० शुगर म्हणजे १०० मिली रक्तात १०० मिलीग्रॅम, ५ लिटर रक्तात सगळी मिळून ५ ग्रॅम, एक छोटा चमचा. आणि यकृताच्या कोठारात ग्लायकोजेन असतं साधारण १०० ग्रॅम. ग्लायकोजेन म्हणजे केळीचा घड समजा, फांद्याफांद्यांना हजारो ग्लुकोज लटकलेले. भीती वाटली की मेंदू नसांमधून मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना इशारा देतो, त्यांच्या गाभ्यातून ॲड्रेनालिन सुटतं. ते यकृताच्या पेशीत शिरतच नाही! पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला, म्हणजे बेलच्या बटणालाच, चिकटतं, आत जी-प्रोटीन जागं होतं, ते एका एन्झाइमला हलवतं, ते एन्झाइम एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवतं, त्याने एक कायनेज जागं होतं, ते दुसऱ्या कायनेजला उठवतं, ते फॉस्फोरायलेजला, आणि फॉस्फोरायलेज घडाच्या टोकाचा एकेक ग्लुकोज तोडत सुटतं. बहुतेक पायऱ्यांवर एकाचे अनेक होतात, म्हणून चिमूटभर ॲड्रेनालिनवर एवढं कोठार उघडतं. (कॅल्शियमची अजून एक वाट आहे, ती सोडून देऊ.) अमेरिकी शास्त्रज्ञ अर्ल सदरलँडने पेशी फोडून काढलेल्या यकृताच्या रसात या खेळातलं सायक्लिक एएमपी शोधून काढलं, १९७१ चं नोबेल त्यालाच. मला तर हे वाचून आजही भारी वाटतं, तुमचं डोकं फिरलं असेल तर एवढंच धरा की बाहेर बेल वाजली आणि आत कोठार उघडलं. वर ॲड्रेनालिन स्वादुपिंडाला सांगतं की इन्सुलिन सध्या कमी सोड. म्हणजे माल बाहेर काढला आणि उचलणाऱ्याला थांबवलं.

ॲड्रेनालिन स्वतः रक्तात दोन-तीन मिनिटांत अर्ध्यावर येतं. धोका खरा असेल, माणूस पळाला, तर स्नायू साखर जाळतात. पण कापसाचा भाव पडला, हप्ता थकला, याच्यापासून पळणार कुठे? बाजेवर पडल्यापडल्या टेन्शन चालू राहतं आणि मग त्याच ग्रंथींच्या वरच्या थरातलं कॉर्टिसोल नावाचं दुसरं संप्रेरक दिवसेंदिवस चढं राहू शकतं. ते यकृताला प्रथिनांपासून नवीन साखर बनवायला लावतं आणि इन्सुलिनचा जोर कमी करतं. बीपीलाही ते चांगलं नाही. एकट्या टेन्शनने मधुमेह होतो असं नाही, वजन, आनुवंशिकता सगळं असतं, पण आहे त्याची शुगर बिघडवायला ते पुरेसं आहे.

गावात दुसऱ्या दिवशी कोणी म्हणे धसका बसला, भगताकडून अंगारा आणा. आणि शहरातल्या भाच्याने, म्हणजे माझ्याच भावाने, 'कॉर्टिसोल डिटॉक्स' पावडरची लिंक पाठवली. मला दोन्हीत फरक दिसत नाही, अंगारा निदान फुकट मिळतो. कॉर्टिसोल काही विष नाही धुवून काढायला, ते नसेल तर माणूस जगत नाही.

सकाळी मक्यात रानडुकराच्या खुरांच्या खुणा सापडल्या. मामा आता डॉक्टरांना दाखवायच्या वहीत आकड्यापुढे काय खाल्लं ते लिहितात आणि काय घडलं तेही. १९४, सोसायटीची नोटीस. १३६, नातीचा फोन. आणि सगळ्यात वर, लाल पेनाने, २३१, डुक्कर.