तंत्रज्ञान-गुंतवणूक आणि उद्योगांची उत्पादकता : विकसनशील देश

यंत्रे, संगणक, सॉफ्टवेअर, दूरसंचार आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण यांवर उद्योग जो खर्च करतात, त्याला तंत्रज्ञान-गुंतवणूक म्हणतात. तेवढेच श्रम, तेवढाच कच्चा माल आणि तेवढेच भांडवल यांतून अधिक किंवा सरस उत्पादन निघू लागले, की उत्पादकता वाढली असे मानतात. ती मोजण्याची दोन मापे रूढ आहेत : दर कामगारामागील उत्पादन आणि एकूण घटक उत्पादकता. दुसरे माप अवघड, पण अधिक बोलके आहे. श्रम व भांडवल यांच्या वाढीने उत्पादनवाढीचा जो भाग उलगडत नाही, तो त्यात येतो. अमेरिकेतील १९०९ ते १९४९ या काळात दर श्रम-तासामागे झालेल्या उत्पादनवाढीचा सुमारे सात-अष्टमांश भाग असाच उरतो, हे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये दाखवले आणि ही वाढ त्यांनी तांत्रिक बदलाच्या खाती टाकली.

मागून आलेल्या देशांना तयार तंत्रज्ञान उचलता येते, त्यामुळे त्यांची वाटचाल वेगाने व्हावी, असा विचार आर्थिक इतिहासकार अलेक्झांडर गर्शेनक्रॉन यांनी मांडला होता. काही देशांनी तो खरा करून दाखवला. बहुतेक ठिकाणी मात्र यंत्र आले तरी उत्पादकता त्या प्रमाणात वाढली नाही. भांडवलाची चणचण, महाग कर्ज आणि कुशल माणसांचा तुटवडा ही कारणे सर्वपरिचित आहेत. विजेचे कारण त्यांच्याइतकेच मोठे आहे. भारतीय कारखान्यांवरील २०१६ च्या एका अभ्यासानुसार वीजटंचाईमुळे कारखान्याचा महसूल सरासरी ५ ते १० टक्क्यांनी घटतो. जनित्राचा खर्च मोठ्या कारखान्याला पेलतो, लहानाला नाही. म्हणून झळ लहानांनाच अधिक बसते.

परंतु पैसा आणि वीज दोन्ही असूनही तंत्रज्ञान का रुजत नाही, हा प्रश्न उरतोच. त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर पाकिस्तानातील सियालकोटच्या फुटबॉल उद्योगातून मिळाले. पारंपरिक फुटबॉलला २० षट्कोनी आणि १२ पंचकोनी तुकडे लागतात. षट्कोन एकमेकांना चिकटून बसतात, पंचकोन बसत नाहीत. त्यामुळे पंचकोन कापताना रेक्झिनचा बराच भाग कातरण म्हणून वाया जातो. संशोधकांनी हा अपव्यय कमी करणारा कापणीचा नवा साचा तयार करून काही कारखान्यांना फुकट दिला. बहुतेक सर्वांनाच तो फायद्याचा होता. तरीही पंधरा महिन्यांनंतर तो मोजक्याच ठिकाणी वापरात होता. कारागिरांना मजुरी नगावर मिळत होती. वाचलेल्या रेक्झिनचा पैसा मालकाचा, आणि नवा साचा हाताला बसेपर्यंत मंदावलेल्या कामाचा तोटा कारागिराचा! साहजिकच हा साचा कामाचा नाही, असेच मालकाच्या कानी घालणे त्यांच्या सोयीचे होते. पुढे साचा नीट चालवून दाखवणाऱ्या कारागिराला साधारण महिन्याच्या पगाराइतके बक्षीस ठेवले, तेव्हा वापर लक्षणीय वाढला. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कामगार बदलाला विरोध करतो, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर अभ्यासावा. येथे अडथळा मजुरीच्या पद्धतीत होता.

याउलट, लाभ वापरणाऱ्याच्याच पदरात पडत असेल तर प्रसार झपाट्याने होतो. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर मोबाइल सेवा पोहोचली आणि मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांवरचे भाव विचारू लागले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासात बाजारांतील भावांची तफावत घटल्याचे, मासळी फुकट जाणे जवळजवळ थांबल्याचे, मच्छीमारांचा नफा ८ टक्क्यांनी वाढल्याचे आणि ग्राहकांसाठीचा भाव ४ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. केनियात २००७ मध्ये सुरू झालेली ‘एम-पेसा’ ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवाही अशीच काही वर्षांत घरोघरी पोहोचली.

देशपातळीवर आणखी एक अडचण दिसते. कार्यक्षम उद्योगांना हवे तेवढे भांडवल व मनुष्यबळ मिळत नाही आणि अकार्यक्षम उद्योग ते अडवून बसतात. चांग-ताय शे आणि पीटर क्लेनो यांच्या २००९ मधील अंदाजानुसार ही वाटणी अमेरिकेइतकी सुधारली, तर कारखानदारीची एकूण घटक उत्पादकता चीनमध्ये ३० ते ५० टक्के आणि भारतात ४० ते ६० टक्के वाढू शकते.

व्यवस्थापनाला तंत्रज्ञानच मानावे, असे काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात आणि ते पटण्यासारखे आहे. मुंबईजवळच्या कापड विणणाऱ्या मोठ्या कारखान्यांत झालेल्या प्रयोगात नवे माग घेतले नव्हते. सल्लागारांच्या मदतीने सुताच्या साठ्याची नोंद ठेवणे, माग बंद पडण्याआधीच त्याची देखभाल करणे, कापडातील दोष रोज लिहून त्यांवर चर्चा करणे अशा साध्या पद्धती लावल्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा तेथे गेले, तेव्हा सुमारे निम्म्या पद्धती सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलणे आणि मालकांना वेळ नसणे ही त्याची मुख्य कारणे निघाली. तरीही प्रयोगाबाहेर ठेवलेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने बरेच पुढे होते आणि काही पद्धती त्याच मालकांच्या इतर कारखान्यांतही पोहोचल्या होत्या.