इंजिन गेलेलं प्रथिन

बेकरीतल्या पावाचं पीठ फुगवणाऱ्या यीस्टमध्ये सुमारे ६,००० जनुकं असतात. त्यांतली काही कायम बंद ठेवावी लागतात, नाहीतर पेशीचा गोंधळ उडतो. यीस्टच्या पेशी 'ए' किंवा 'अल्फा' प्रकारच्या असतात आणि संयोग होतो तो विरुद्ध प्रकाराशीच. तिसऱ्या गुणसूत्राच्या मधल्या भागात पेशीचा प्रकार ठरवणारी चालू प्रत असते, तर दोन टोकांकडे दोन्ही प्रकारांच्या राखीव प्रती. त्या राखीव प्रती वाचल्या जाऊ लागल्या की पेशीत दोन्ही प्रकार एकदम जागे होतात आणि तिचा कोणाशीच संयोग होत नाही.

त्या गप्प ठेवायला चार जनुकं लागतात, हे जॅस्पर राइन आणि आयरा हर्स्कोविट्झ यांनी १९८७ मध्ये दाखवलं: सर-१ ते सर-४. यांतलं मला सगळ्यात रंजक वाटतं ते सर-३, ९७८ अमिनो आम्लांचं प्रथिन.

डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेला असतो. अशा एका गुंडाळीला न्यूक्लिओसोम म्हणतात. हिस्टोन एच-४ ची शेपटी बाहेर डोकावते आणि तिच्यावरच्या १६ व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असतं. जनुक चालू असलेल्या भागात या लायसिनवर बहुधा ॲसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटलेला असतो. सर-२ तो काढून टाकतं, मग सर-३ तिथे बसतं. सर-४ या दोघांना धरून ठेवतं. शेजारच्या न्यूक्लिओसोमवर पुन्हा तेच, आणि अशी गप्प साखळी पसरत जाते.

पण एका ॲसिटिल गटाने एवढा फरक का पडावा? उत्तर मिळालं २०११ मध्ये, जेव्हा सर-३ च्या सुरुवातीच्या 'बाह' या भागाची न्यूक्लिओसोमसकट स्फटिकरचना ३ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने उलगडली. (शोधनिबंधाच्या लेखकांत जयंत नारळीकरांची कन्या गीता नारळीकर याही होत्या.) न्यूक्लिओसोमच्या दोन्ही तोंडांवर एकेक 'बाह' बसलेला दिसतो. त्याच्या ऋणभारित खोबणीत १६ वं लायसिन आपल्या धनभारासह शिरतं. ॲसिटिल चिकटला की लायसिनचा धनभार जातो आणि पकड ढिली होते.

सर-३ किती आहे यावरही बरंच अवलंबून असतं. पेशीत ते मुद्दाम वाढवलं, तर गुणसूत्राच्या टोकाकडून सुरू होणारी शांतता आणखी आतपर्यंत पसरते. एडीई-२ हे जनुक टोकाजवळ बसवलं तर हा खेळ नुसत्या डोळ्यांनीही दिसतो: जनुक गप्प असेल तर पेशी लाल, चालू असेल तर पांढऱ्या. एकाच वसाहतीत कलिंगडाच्या फोडींसारखे लाल-पांढरे पट्टे उमटतात. डीएनएचा क्रम सगळीकडे तोच, तरी मुली-नाती आईची अवस्था बऱ्याच पिढ्या जपतात.

सर-३ चं मूळ आणखी गमतीचं. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी यीस्टच्या पूर्वजाचा सगळा जीनोम दुप्पट झाला. ओआरसी-१ या जनुकाच्या दोन प्रती झाल्या. एकीने डीएनएची नक्कल सुरू करण्याचं जुनं काम चालू ठेवलं, दुसरी सर-३ झाली. ओआरसी-१ मधला एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) वापरणारा भाग सर-३ मध्येही ओळखू येतो, पण तो एटीपी पकडत नाही. इंजिन गेलं, सांगाडा राहिला, आणि तोच आता सर-४ ला आणि न्यूक्लिओसोमला धरायला उपयोगी पडतो. त्या दुपटीआधीच वेगळ्या वाटेने गेलेल्या क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टमध्ये सर-३ नाहीच. तिथे नक्कल आणि जनुकं गप्प करणं, दोन्ही कामं एकटं ओआरसी-१ सांभाळतं.