विसावलेल्या हरणाची शिकार (नीतिविचार)

पोटभर चरून झाल्यावर आडोशाला बसलेल्या, रवंथ करणाऱ्या किंवा डोळा लागलेल्या हरणावर गोळी झाडावी की नाही, यासंबंधी शिकाऱ्यांमध्ये चालत आलेला विचार. बसलेल्या जनावरावर बार टाकणे कमीपणाचे, खरा शिकारी त्याला आधी उठू देतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो जितका पसरला आहे तितका तपासला गेलेला नाही. जनावराला निसटायची संधी मिळाली का, हा एक प्रश्न आणि त्याचा जीव न तडफडता गेला का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे बरेचदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. या नोंदीत चितळ व सांबर यांच्याबरोबर काळवीट व चिंकारा यांचाही विचार केला आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने शेवटचे दोन कुरंग (अँटिलोप) असले तरी शिकारीच्या बोलण्यात ती सगळी हरणेच.

ग्वाल्हेर आणि शिवपुरी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना हा विषय परका नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली जिथे पडली तिथे लष्कर हे शहर उभे राहिले, आणि तिथल्या जुन्या वाड्यांच्या बैठकीत सांबराची किंवा काळविटाची शिंगे भिंतीवर असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. शिंगांवरून नर केवढा होता ते कळते. गोळी लागली तेव्हा तो उभा होता, पळत होता की बसला होता, हे कळत नाही.

माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांच्या काळात शिवपुरी ही संस्थानची उन्हाळी राजधानी होती आणि भोवतालचे जंगल दरबारी शिकारीसाठी राखलेले होते. आजचे माधव राष्ट्रीय उद्यान ते हेच. २०२५ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. संस्थानी शिकारीत मान वाघाचा, हरीण दुय्यम. वाघासाठी हाका होत असे: हाकाऱ्यांची रांग ढोल, डबे आणि आरोळ्यांनी रान उठवत पुढे सरकायची आणि बंदूकवाले मचाणावर किंवा बांधीव बुरुजात थांबायचे. हाक्यात कोणतेच जनावर बसलेले राहत नाही. म्हणून बसलेल्या हरणाचा प्रश्न हाक्याच्या शिकाऱ्याला पडतच नाही. तो पडतो पायी माग काढत, वारा बघत, झुडुपाआडून सरकणाऱ्या माणसाला. पण हाक्यात पळणाऱ्या हरणावर झाडलेल्या गोळीला कोणी कमीपणाचे म्हणत नसे, आणि घायाळ होऊन रानात शिरणारी जनावरे अशाच गोळ्यांची असत, हे इथे नोंदवायलाच हवे. पळण्याची संधी दिली, एवढ्यावर न्याय झाला असे मानणे मला पटत नाही.

बडोद्याच्या गायकवाडांकडे काळविटासाठी पाळीव चित्ते असत. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीतून कळपाजवळ नेला जाई. काळविटे माणसाला बुजतात, पण शेतातून रोज जाणाऱ्या बैलगाडीला बुजत नाहीत. टोपी काढली की पुढची शर्यत खरी असे, पण तिची सुरुवात जनावराच्या निर्धास्तपणाचा फायदा घेऊनच होई.

बसलेले हरीण काय करत असते

हरीण आळसाने बसत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्याचे पोट चार कप्प्यांचे असते. उघड्यावर मान खाली घालून चरणे धोक्याचे, म्हणून चारा भराभर गिळून साठवायचा आणि सुरक्षित जागी बसून तो पुन्हा तोंडात आणून चघळायचा, अशी त्याच्या जगण्याची घडी आहे. दुपारी करधईच्या झाडाच्या विरळ सावलीत बसलेले चितळ दुर्बिणीतून पाहिले तर मानेच्या खालच्या बाजूने एक गोळा वर सरकताना स्पष्ट दिसतो. मग जबडा आडवा फिरत राहतो, थांबतो, घास खाली जातो आणि थोड्या वेळाने पुढचा गोळा वर येतो. या सगळ्यात कान थांबत नाहीत: एक पुढे, एक मागे, माशी बसली की झटका आणि पुन्हा जागेवर. झोप अगदी तुटक असते. बसण्याची जागाही विचाराने निवडलेली असते. समोरचे डोळ्यांना दिसावे आणि पाठीमागचे वाऱ्याबरोबर नाकाला कळावे, अशा बेताने हरीण बसते. कळपात तर सगळी एकाच दिशेला तोंड करून क्वचितच बसतात.

म्हणून बसलेले हरीण म्हणजे गाफील हरीण, हे गृहीतक कच्चे आहे. अशा जनावराच्या टप्प्यात न कळत पोहोचणे हे पायी शिकारीतले सर्वात अवघड काम. ज्याला ते साधले त्याने जनावराला संधी दिली नाही, असे म्हणता येत नाही. संधी त्या जनावराने स्वतःच बसताना घेतलेली असते.

पाडसांची गोष्ट वेगळी. चितळाचे व काळविटाचे नवजात पिल्लू गवतात दडून निश्चल पडून राहते आणि आई थोड्या अंतरावर चरते. तिथे न हालणे हाच बचाव असतो. माणूस जवळ आला तरी ते उठत नाही.

नेम आणि जीव जाणे

खरा पेच शरीररचनेत आहे. उभ्या हरणाचे काळीज आणि फुप्फुसे पुढच्या पायाच्या वर, फऱ्याच्या (खांद्याच्या) लगेच मागे असतात. आडव्या उभ्या जनावरावर तिथे रायफलची गोळी बसली तर ते काही क्षणांत कोसळते. तेच हरीण बसले की सगळा नकाशा बदलतो. पुढचे पाय अंगाखाली दुमडतात, कोपराचे हाड वर येऊन काळजाच्या जागेवर आडवे पडते, पोट बाजूला पसरते आणि छातीचा खालचा भाग गवतात बुडतो. धड बहुधा थोडे वळलेले असते, त्यामुळे नेम फुप्फुसांवर धरला तरी गोळी तिरकी जाऊन कोथळ्यात शिरू शकते. कोथळ्यात गोळी लागलेले जनावर लगेच मरत नाही. ते उठते, पाठ कमानीसारखी करून चालू लागते आणि कित्येक तास जगते. रक्त बाहेर फारसे सांडत नाही, जखमेच्या तोंडाशी अर्धवट पचलेला चारा येतो, त्यामुळे माग लागत नाही. अशा हरणाचा शेवट माणसाच्या नजरेआड होतो.

म्हणूनच अनुभवी शिकारी हलकी शीळ घालून हरणाला उठवत आणि उभे राहिल्यावर गोळी झाडत. त्यामागे औदार्य असेलच असे नाही, मुख्य हेतू फऱ्यामागची जागा उघडी पडण्याचा. तरी त्यातही धोका आहे. हरीण आधी मागचे पाय सरळ करते, क्षणभर ढुंगण वर आणि छाती खाली असे तिरपे असते, आणि पुढचे पाय टेकले की बहुतेक वेळा थांबतच नाही. त्या घाईत सुटलेली गोळी बसलेल्यावर झाडलेल्या गोळीपेक्षा वाईट लागते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे हलके नाही. बसलेले हरीण स्थिर असते, घाबरलेले नसते, आणि शिकाऱ्याला बंदूक टेकवून श्वास आवरायला वेळ मिळतो. जवळचे अंतर, उघडी बरगडी, थोडी उंचावरची जागा, हे सगळे जुळले तर मरण कळण्याआधी मरण येते. मांसालाही फरक पडतो: धावपळीने स्नायूंतली साखर संपलेल्या जनावराचे मांस काळपट आणि चिवट होते, ते लवकर खराब होते. पोटासाठी शिकार करणाऱ्याने बसलेले जनावर टाळावे, असे सांगायला कारण सापडत नाही.

तरीही ‘बसलेल्यावर बार नको’ हा दंडक आला कुठून? त्याचे एक मूळ पक्ष्यांच्या शिकारीत आहे. छऱ्यांच्या बंदुकीने जमिनीवर किंवा फांदीवर बसलेला तितर मारणे सोपे, उडालेला मारणे कौशल्याचे; शिवाय खाली झाडलेले छर्रे कुत्र्याला किंवा हाकाऱ्याला लागण्याची भीती. इंग्रज साहेबांनी हा दंडक पाळला, आणि जर्मन शिकारपरंपरेत आपल्या ठिय्यात बसलेल्या सशालाही तोच लागू झाला. रायफलने हरीण मारताना मात्र तो उलटा पडतो, कारण एकच गोळी असते आणि हलत्या जनावरावर ती चुकते. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्यात रायफलच्या नळीचा व्यास सर्वसाधारणपणे किमान ०.२४० इंच असावा असे बंधन आहे, रात्री आणि चालत्या वाहनातून गोळी झाडायला मनाई आहे. हरीण उभे असावे की बसलेले, याचा उल्लेख नाही.

ग्रंथांतील वाद

आपल्याकडे हा वाद बंदुकीपेक्षा कितीतरी जुना आहे. झोपलेल्या, चिलखत उतरवलेल्या, नि:शस्त्र शत्रूला मारू नये, असे मनुस्मृती युद्धाबद्दल सांगते, आणि झोपेत केलेल्या कत्तलीसाठी अश्वत्थाम्याला महाभारत क्षमा करत नाही. हा नियम हरणाला लावायचा का? रामायणात वालीला उत्तर देताना राम नेमके उलटे सांगतो: माणसे जाळ्यांनी, फासांनी, लपून किंवा उघडपणे, पळणारी आणि निर्धास्त उभी असलेली, सावध आणि बेसावध, पाठमोरी अशी सगळी जनावरे मारतात आणि त्यात दोष नाही. कौटिल्यही मृगयेच्या बाजूने बोलताना हलत्या आणि स्थिर अंगावर नेम साधण्याचा सराव हा तिचा लाभ म्हणून मोजतो. मनूने मात्र राजाच्या कामातून, म्हणजे भोगेच्छेतून, जन्मणाऱ्या व्यसनांच्या यादीत मृगयेला पहिले स्थान दिले आहे.

सर्वात सखोल विचार आदिपर्वात येतो. हरणाच्या रूपात मादीबरोबर रत असलेल्या किंदम ऋषीला पांडू बाण मारतो. पांडू म्हणतो, राजे शत्रूला मारतात तसेच हरणांना मारतात, उघडपणे किंवा कपटाने, मग दोष कसला? किंदम त्याचे म्हणणे नाकारत नाही. मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. तू थांबायला हवे होतेस, एवढीच त्याची तक्रार आहे. प्रत्येक प्राण्याला हवासा वाटणारा क्षण तू मध्ये तोडलास. संधी मिळाली का, हे किंदम विचारतच नाही. मरणाऱ्याच्या आयुष्यात काही वेळा अशा असतात की त्यांवर शिकाऱ्याचा हक्क नाही, असे तो मांडतो. विसाव्याच्या वेळेचा समावेश त्यांत करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; नेमाच्या आणि कौशल्याच्या सगळ्या चर्चेत इतका माणुसकीचा मुद्दा दुसरा आढळत नाही.

कायदा

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात सुरुवातीला परवान्याने शिकार करता येत होती, आणि ती कशी करू नये हे कलम १५ ते १७ मध्ये तपशीलवार दिले होते. माद्या, पिल्ले आणि शिंगांवर मखमली कातडे असलेले नर विशेष परवान्याशिवाय मारायचे नाहीत. वाहनातून नाही, सूर्यास्तानंतर नाही, दिव्याच्या झोतात नाही. पाणवठ्यावर, खारी माती चाटण्याच्या जागी किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर नाही. मोठ्या जनावराला रायफलच हवी. बसलेल्या जनावराचा उल्लेख यांत कुठेच नाही. पाणी आणि मीठ यांच्या जागा कायद्याने जनावरासाठी राखल्या, विसाव्याची जागा राखली नाही.

ती राखणे व्यवहारात कठीणच होते. सांबर बहुतेक रात्री चरते आणि दिवसभर उतारावरच्या दाट झाडीत बसून काढते. बसलेल्यावर गोळी नाही आणि रात्रीही नाही, असे म्हटले तर पायी माग काढणाऱ्याच्या हाती पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा थोडा वेळ उरतो. चोरटे शिकारी यातून नेहमी वाईट वाट काढतात: जीपवरचा झोत, चमकणारे डोळे, आणि त्यांच्यामध्ये झाडलेली गोळी.

१९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही सगळी कलमे काढून टाकली. आता जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोका, असाध्य दुखापत अशा मोजक्या कारणांसाठीच, अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने, वन्यप्राणी मारता येतो. पहिल्या अनुसूचीतील काळवीट किंवा चिंकारा मारल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड आहे. भिंतीवरच्या जुन्या शिंगांनाही मालकीचे प्रमाणपत्र लागते. ती वारसाने मिळू शकतात, विकता येत नाहीत.

बंदूक गेली तरी बसलेल्या हरणाला उठवण्याची सवय गेलेली नाही. उद्यानाच्या रस्त्यालगत बसलेले चितळ उभे राहावे, फोटोत शिंगे पूर्ण यावीत, म्हणून पर्यटक टाळ्या वाजवतात, गाडीचे दार आपटतात, कधी चालकाला हॉर्न द्यायला सांगतात. अधिनियमाच्या कलम २७ नुसार अभयारण्यात वन्यप्राण्याला छेडणे हा गुन्हा आहे, आणि कलम ३५ मुळे तीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते.